मनोऱ्यावरची फरशी

"अजून किती वर्षं, बाबा?"

सुमेधने हात जोडले होते खरे, पण प्रश्न विचारला तो जाब मागितल्यासारखा.

हौदवाले बाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून चादर शिवत होते. या म्हाताऱ्या फकिराचं खरं नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. दर्ग्यासमोरच्या दगडी हौदाकाठी राहतात म्हणून हौदवाले बाबा, एवढीच काय ती ओळख.

त्यांनी दोरा दातानं तोडला.

"कशाला किती वर्षं?"

"माझं काम मला मिळायला. मी इंजिनिअर आहे, बाबा. पाण्याचा. धरणं, कालवे, नळयोजना… सगळा अभ्यास याचाच. विद्यापीठात पहिला आलो होतो."

"माशाल्ला."

"आणि पुढे काय केलं ते विचारा ना! शिकवणीत पोरांना गणित शिकवलं. दुकानात उभं राहून टाइल्स विकल्या."

"आणि?"

सुमेध घुटमळला.

"आणि… लोकांच्या गच्चीवर सोलर बसवले. अंघोळीच्या गरम पाण्याचे. टाक्या डोक्यावर घेऊन जिने चढलो. ते तर मी कुणाला सांगतही नाही. नोकरीच्या अर्जात तेवढी वर्षं कोरी सोडतो."

बाबा गालातल्या गालात हसले. सुमेधला ते मुळीच आवडलं नाही.

"हसू नका, बाबा. मामांचं मंगल कार्यालय आहे. तिथे मॅनेजर पाहिजे. आज संध्याकाळी त्यांचा फोन येईल. मी हो म्हटलं की पाण्याचा नाद सुटला, कायमचा. आई म्हणाली, त्याआधी एकदा बाबांना विचार. म्हणून आलो. नाहीतर…"

नाहीतर आला नसता. राग तोंडापुरताच होता. उरलेला जन्म पंगती वाढण्यात आणि मांडव उतरवण्यात जाणार, या विचारानं बिचाऱ्याला दोन रात्री झोप नव्हती.

"उन्हातून आलास. पाणी देतो," बाबा म्हणाले.

ते कटोरा घेऊन हौदाच्या पायऱ्या उतरले. खाली गेले, वाकले आणि तसेच वर आले.

त्यांनी कटोरा सुमेधसमोर ठेवला. आत काहीच नव्हतं.

"विसरलोच बघ. हौद कोरडा आहे."

सुमेधने वाकून पाहिलं. तळाला भेगाळलेला गाळ होता आणि वाळलेली पानं. या हौदात डोंगरावरच्या विहिरीतून पाणी येई. जमिनीखालून मातीच्या नळांनी. मोटर नाही, वीज नाही. कुठल्या राजवटीत कुणी बांधलं, कुणाला माहीत.

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. लोक म्हणतात, डोंगरातलं पाणीच संपलं."

"वरच्या विहिरीत बघितलं कुणी?"

"मी बघितलं. काठोकाठ आहे."

"मग संपलं कसं म्हणता? वाटेत अडलंय!"

एवढं बोलून तो उठलासुद्धा. मामा, फोन, मंगल कार्यालय… सगळं त्या पायरीवरच राहिलं. तो नळाच्या ओळीनं डोंगराकडे निघाला आणि मागोमाग काठी टेकत बाबा.

कुठे ओल दिसत नव्हती. कुठे गवत हिरवं नव्हतं. म्हणजे नळ फुटला नव्हता.

अर्ध्या वाटेवर एक उंच दगडी मनोरा लागला. नळ त्याच्या पोटातून वर चढत होता, माथ्यावरच्या कुंडीत उघडत होता आणि दुसऱ्या बाजूनं परत जमिनीत उतरत होता. पाहणाऱ्याला वाटावं, बांधणाऱ्याला काही उद्योगच नव्हता. सरळ जाणारं पाणी उगाच कशाला वर चढवायचं?

कुंडीवर मात्र फरशी होती. नवी. सिमेंटनं घट्ट बसवलेली.

"ही कुणी लावली?"

"मी," बाबा म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात. कबुतरं आत पडून मरायची. पाणी नासायचं. आणि असतं काय वर? नुसती हवा."

सुमेधने मनोऱ्याला कान लावला.

बराच वेळ काही नाही…

मग दगडाच्या आत कुठेतरी काहीतरी गुरगुरलं आणि थांबलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. कितीतरी गच्च्यांवर त्यानं तो ऐकला होता.

"बाबा… नळानं हवा धरलीय!"

त्यानं शर्ट काढून सीताफळाच्या फांदीला अडकवला. दर्ग्यातून पहार आणली. मनोऱ्याच्या अंगातून बाहेर आलेल्या दगडांवर पाय देत वर चढला आणि फरशीच्या कडेचं सिमेंट फोडू लागला. घामानं निथळला. तळहात सोलवटले. शेवटी फरशी हलली.

ती सरकली मात्र, आणि मनोऱ्यानं श्वास सोडला.

केवढा मोठा श्वास! वर्षभर कोंडलेली हवा त्याच्या तोंडावर आली. गार होती, मातीच्या वासाची होती. ती येतच राहिली. सुमेध पहार घट्ट धरून नुसता बसून राहिला.

मग खालून आवाज यायला लागला. आधी दूर, मग जवळ. अंधारात काहीतरी चकाकलं. चकाकत चकाकत वर येऊ लागलं.

"पाणी चढतंय, बाबा!"

"कोण ढकलतंय त्याला?" खालून बाबांनी विचारलं.

"कुणी नाही! ते डोंगरावरून खाली उतरलंय ना, त्या उतरण्याच्याच जोरावर…"

आणि तो बोलता बोलता थांबला.

हेच वाक्य त्यानं परीक्षेत लिहिलं होतं. पोरांना शिकवलं होतं. पाणी आपल्या मूळच्या उंचीकडे चढतं, हे त्याला पाठ होतं. पण कुणी न ढकलता, कुणी न बोलावता, अंधारातून आपल्याकडे चढत येणारं पाणी त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. अंगावर काटा आला. त्यानं हात खाली धरला. पाणी वर आलं आणि तळहाताला लागलं.

सुमेधला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान पोरासारखं. त्यानं ते लपवलंही नाही.

कुंडी भरली. पाणी क्षणभर तिथेच फिरलं, त्यातली माती तळाशी बसली, बुडबुडे फुटले आणि मग ते दुसऱ्या नळानं खाली उतरलं.

खाली बाबा दगडाला कान लावून, डोळे मिटून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

सुमेध उतरला. बाबांनी डोळे उघडले.

"हे कॉलेजात शिकलास?"

"कुठलं? पाणी का चढतं ते?"

"नाही. का अडलं ते. कान लावून ओळखलंस ते."

"ते होय… सोलरच्या टाकीवर एक उभी नळी असते, बाबा. हवा जायला. दिसायला अगदी बिनकामाची. लोक तिला बूच मारतात, आत पाल जाते म्हणून. मग पाणी अडतं आणि शिव्या आम्हाला! तेव्हा गच्चीवर टाकीला कान लावून…"

तो हसत सांगत होता. हसता हसता त्याचा चेहरा बदलला.

"…गच्चीवर शिकलो," तो हळूच म्हणाला.

बाबांनी फांदीवरचा शर्ट काढून त्याच्या हातात दिला.

ते हौदाशी परतले तेव्हा नळाचं तोंड खोकत होतं. आधी हवा आली, मग चिखल, मग लालसर पाणी. मग नुसतं पाणी. भेगाळलेल्या गाळात ते वाट काढत पसरू लागलं. कुठून कुठून कबुतरं येऊन काठावर बसली.

खिशात फोन वाजला. मामांचा होता.

सुमेधने बाबांकडे पाहिलं. बाबा कबुतरांकडे पाहत होते.

"हं, मामा… नाही, नाही जमणार. रागावू नका. दुसरं कुणीतरी बघा."

त्यानं फोन ठेवला. मामांकडची नोकरी हातची गेली होती. दुसरी नोकरी अजून कुठेच नव्हती. घरी आईला तोंड द्यायचं होतं. तो मटकन पायरीवर बसला.

बाबा हौदात डोकावले. तळ जेमतेम ओला झाला होता.

"इंजिनिअरसाहेब, हौद कधी भरेल?"

"भरेल, बाबा. पाणी निघालंय ना तिकडून."

"पण कधी? आज? उद्या?"

"असं कसं सांगता येईल? वर्षाचा कोरडा आहे, गाळ आधी पोटभर पिईल. येईल तसं भरेल. तुम्ही फक्त मनोऱ्याचं तोंड बंद करू नका. कबुतरांसाठी जाळी लावू. बाकी घाई करून काय होणार…"

बाबांनी नळाखाली कटोरा धरला. पहिलं पाणी ओतून टाकलं. पुन्हा धरला आणि भरलेला कटोरा सुमेधच्या हातात दिला.

"मग मघाशी 'अजून किती, अजून किती' करत कोण आलं होतं, बेटा?"