एका हाताने उघडणारा बटवा

ही गोष्ट मी मागील माघी पौर्णिमेला आमच्या वसतिगृहाच्या खानावळीतील निवृत्त आचारी धोंडिबा रेणुसे यांच्याकडून ऐकली. त्यांना ती त्यांच्या आत्याने सांगितली होती. शब्द माझे आहेत, घटनांचा क्रम त्यांचा.

फार मागे, घाटातल्या वाटांना नावेही पडली नव्हती, तेव्हा एका खिंडीच्या पायथ्याशी वाटाड्यांचे गाव होते. तेथे प्रत्येक वाटाड्या कमरेला कापडी बटवा बांधत असे. दरवर्षी जत्रेत या बटव्यांची पारख होई. लहान बटव्यात जो अधिकात अधिक वस्तू बसवी, त्याचा मान मोठा.

एका तरुणाने हा मान लागोपाठ काही वर्षे मिळवला होता. चकमक, चाकू, सुई-दोरा, हळद, गूळ, बारीक दोर आणि तळाशी शिट्टी. प्रत्येक वस्तू मेणकापडात गुंडाळलेली, एकीवर एक घट्ट रचलेली, आणि वर दुहेरी गाठ. आता त्याला स्वतंत्रपणे वाट दाखवण्याचा अधिकार हवा होता. त्यासाठी गावातील सर्वांत वृद्ध वाटाडीबरोबर, वाटसरूंना खिंडीपार नेणारी एक फेरी करावी लागे. सगळे तिला मावशी म्हणत.

निघताना मावशीने त्याचा बटवा पाहिला आणि एकाच हाताने शिट्टी काढून दाखवायला सांगितले. तरुण हसला.

“मावशी, देवानं दोन हात दिलेत की.”

“वाटाड्याला एकच दिलाय. दुसरा वाटसरूचा.”

तरुणाने ते मनावर घेतले नाही. वाटसरूंमध्ये बांगड्या विकणारी एक कासारीण होती. ती म्हणाली, हा बटवा उघडायचा तर आधी मुहूर्तच काढावा लागेल. त्यावर सगळे हसले, तरुणही हसला.

धुके उतरले की पुढच्या वाटाड्याने शिट्टी वाजवायची आणि मागच्याने उत्तर द्यायचे, असा रिवाज होता. मावशी पुढे होती, तरुण सर्वांच्या मागे. कड्यावरच्या अरुंद वाटेवर धुके एकदम दाटले. तो गाठीला हात घालणार, तोच त्याच्या पुढे चालणाऱ्या कासारणीचा पाय घसरला. त्याने स्वतःला पालथे झोकून दिले आणि तिचे मनगट पकडले. दुसऱ्या हाताने त्याने खडक धरला. बटवा त्याच्या पोटाखाली दबला.

पुढून शिट्टी आली. तो ओरडला, पण वाऱ्याने आवाज दरीत नेला. पुन्हा शिट्टी आली. उत्तर त्याच्या कमरेला बांधलेले होते आणि त्याला ते देता येत नव्हते.

“सोडू नकोस रे, दादा,” कासारीण खालून म्हणाली.

“नाही सोडत, आक्का.”

उत्तर आले नाही, हेच मावशीला उत्तर वाटले. वाटसरूंना जागीच बसवून ती खडक चाचपत मागे आली. एक हात खडकावर ठेवून दुसऱ्याने तिने कुशीला बांधलेल्या आपल्या बटव्यातून फास घातलेला दोर ओढून काढला आणि खाली सोडला. कासारणीने त्यात मोकळा हात आणि खांदा अडकवला. दोघांनी मिळून तिला वर घेतले.

खिंड पार झाल्यावर तरुणाने आपला बटवा मावशीपुढे ठेवला आणि आपण या कामाला लायक नाही, असे सांगितले. मावशीने तो त्याच्याच हातात परत दिला.

“हात सोडला नाहीस, ते शिकवता येत नाही. बटवा भरणं शिकवता येतं.”

तरुणाने निम्म्या वस्तू काढल्या, गाठीच्या जागी एक लाकडी गुंडी लावली आणि बटवा कुशीला घेतला. एका हाताने शेजाऱ्याचे मनगट धरून, डोळे मिटून, तो हवी ती वस्तू काढण्याचा सराव करू लागला. त्याला अधिकार मिळाला. पुढील जत्रेपासून गावात बटव्यांची पारखही अशीच होऊ लागली.

तात्पर्य: एका हाताला लागेल तेवढेच जवळ बाळगावे, कारण दुसऱ्या हातात कोणाचा तरी जीव असू शकतो.

ती कासारीण पुढे दरवर्षी त्याच तरुणाच्या सोबतीने खिंड ओलांडत असे, असेही धोंडिबा सांगतात. हा भाग आत्याचा की त्यांचा स्वतःचा, हे त्यांना आठवत नाही, आणि मलाही त्याची खात्री कधी करता आली नाही.