गेनबा उतरायला जागा शोधतो

एका गावात एक भोळा गेनबा होता. इतका भोळा, की निवडणुकीला उभा राहता तर बिनविरोध आला असता.

त्याला वैजयंता आवडायची. तिचा बाप म्हणाला, पोरगी देईन तर पायलटलाच. शेजाऱ्याचा जावई जेसीबी चालवायचा, त्याची जिरवायची होती.

गेनबा निघाला विमान शिकायला. आधी विमान निवडायचं होतं. त्याच्या हिंदुरावमामाची हयात बैलबाजारात गेलेली. मामा म्हणाला, "दात बघ. शेपूट पिरगाळ. उसळला तर घे."

शाळेत तीन विमानं उभी होती. पहिल्याच्या तोंडात गेनबानं हात घातला. दात नव्हते. म्हातारं असणार. दुसऱ्याची शेपूट पिरगाळली. विमान गप्प. शिकवणारे खर्डेकर सर मात्र उसळले. गेनबाला सर पसंत पडले.

सर म्हणाले, हा बैल नाही. शिकायला लहान, दोन माणसांचं, सावकाश चालणारं बरं. आणि सुरू करायच्या आधी चारी बाजूंनी फिरून बघायचं, काही ढिलं नाही ना. मग ओरडायचं, लांब व्हा!

रविवारी मुलगी बघायचा कार्यक्रम. वैजयंता पोहे घेऊन आली. गेनबा उठला. तिच्याभोवती फिरला, बांगड्या हलवून बघितल्या आणि ओरडला, "लांब व्हा!"

पाहुणे भिंतीला चिकटले. पोहे छपराला. तिचा बाप म्हणाला, पायलट लोकांत अशीच पद्धत असेल. लग्न ठरलं.

मामानं घरी झापलं. चारचौघांत मान खाली घालायची, कुणी विचारलं तर लाजायचं, बोलायचं नाय.

दुसऱ्या दिवशी सरांबरोबर विमान वर गेलं. रेडिओवर खालून विचारलं, कुठं आहात? गेनबानं मान खाली घातली. डोंगर समोर आला तरी लाजतच होता. सरांनी कसंबसं उतरवलं. घाम पुसत म्हणाले, "उतरायच्या आधी विचारायचं. खाली माणसं असली तर चक्कर मारायची. तरी जागा नसली तर शेजारच्या धावपट्टीवर जायचं."

लग्नाला गेनबा घोडीवरून आला. मांडवासमोर पोरं नाचत होती.

"गेनबा बोलतोय. जमिनीपासून पाच फूट. उतरू का?"

सासरा म्हणाला, "थांबा जावईबापू, जागा करतो."

जागा नाही म्हटल्यावर गेनबानं घोडी वळवली. गावाला चक्कर मारली. परत येतो तर अख्खं वऱ्हाड त्याला धरायला रस्त्यावर. खाली माणसंच माणसं. गेनबानं घोडी शेजारच्या वाडीला नेली.

तिथं एक मांडव होता. ऐसपैस. कुणी नाचत नव्हतं. बँडसुद्धा नव्हता. दारातल्या म्हातारीला गेनबानं विचारलं, उतरू का? ती डोळे पुसत म्हणाली, उतर बाबा. तिनं हातात हार दिला आणि पाटावरच्या फोटोकडं बोट दाखवलं. गेनबानं हार घातला, तेराव्याच्या पंगतीत पोटभर जेवला आणि घरी गेला.

आईनं विचारलं, सून कुठाय?

"मागनं येईल," गेनबा म्हणाला. "जरा मिशा हायेत, पण स्वभावानं लई शांत."