मोझाचा दगड

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किवुली नावाचे कोळ्यांचे गाव आहे. गावाच्या टोकाला एक जुना आंबा आहे आणि त्याच्या बुंध्याशी, माणसे बसून बसून गुळगुळीत झालेला एक पांढरा दगड. पाहुणे आले की फकी आजोबा त्यांना तिथे नेतात आणि मोझाची हकिगत सांगतात.

मोझाचे आईबाप लवकर गेले. धाकट्या भावाला, शोमारीला तिनेच वाढवले, असे सांगतात. एका सकाळी तो तिच्यासाठी आंबे काढायला चढला. पानांत हिरवा बूमस्लँग साप होता, डहाळीसारखा निश्चल. शोमारीचा हात त्यावर पडला आणि साप बोटाला चावला.

शोमारी खाली उतरला. सूज नाही, वेदना नाही.

"ताई, काटा रुतला असता तरी जास्त दुखलं असतं," तो हसत म्हणाला.

मोझालाही हायसे वाटले. "मग जा मासे धरायला. वारा पडायच्या आत होडी काढ."

या सापाचे विष सावकाश भिनते, रक्त गोठूच देत नाही, हे तेव्हा किवुलीत कुणाला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी शोमारीची होडी भरकटलेली सापडली. आत तो निपचित पडला होता. नाकातोंडातून आलेले रक्त सुकले होते.

गावकरी झाड तोडायला निघाले. मोझा म्हणाली, "तोडून काय होणार? असली झाडं किनारभर आहेत. त्यानं मला हाक मारली असेल हो. तिथं होडीत कोण होतं?"

पुढे काही वर्षांनी रिझिकी नावाच्या मुलीला त्याच झाडावर साप चावला. तीही हसत खेळायला पळत होती. मोझाने तिला धरले, दगडावर बसून मांडीवर घेतले, आईला बोलावले. वैद्याच्या पाल्याचा गुण आला नाही. हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा पोर घाबरली. मोझा तिच्याशी बोलत राहिली. सगळा गाव भोवती बसला. त्या दिवशी एकही होडी पाण्यात गेली नाही. रिझिकी गेली ती आईचा हात धरून, म्हणे.

दफनानंतर तिची आई मोझाकडे आली. "शेवटी ती भ्यायली नाही गं," एवढेच बोलली. तेव्हा कुठे मोझा शोमारीसाठी मोठ्याने रडली.

आता पलीकडच्या शहरात दवाखाना आहे, विषावर औषधही मिळते. पण आजही किवुलीत कुणाला झाडावरचा साप चावला आणि तो कितीही ठणठणीत दिसला, तरी 'काही होत नाही, जा' असे त्याला कुणी म्हणत नाही. होड्या थांबतात, आणि अर्धा गाव त्याच्याशी बोलत बोलत दवाखान्यापर्यंत जातो.