वाढवलेला दिवा

एका राज्यात खरं बोलणारी बाई एकच होती, ती मी. आणि विश्वास म्हणून माझ्यावर कुणी ठेवला नाही. राजवाड्याचा चितारी माझा नवरा. एका मांत्रिकानं दिलेल्या रंगानं तो भिंतीवर जे काढी ते खरं होई. त्यात कुणाला नवल वाटत नसे.

नवल दुसरंच. राजाला मरणाची भीती. त्यानं दवंडी पिटवली, विझला, फुटली, मेला हे शब्द जो उच्चारील त्याची जीभ छाटू. मग काय, सगळं 'वाढू' लागलं. दिवा वाढला, बांगडी वाढली, शेजारचा म्हातारासुद्धा वाढला. पोरं विचारत, किती हात वाढला? नवऱ्याला 'मेल्या' म्हणायचीही चोरी झाली.

एके दिवशी राजा स्वतःच्या चित्रापुढं उभा राहिला. चित्रात शेजारी राणी, पुढं समई. म्हणाला, "चितारी, दिवा वाढव. राणीच्या बांगड्या वाढव. माझं आयुष्य वाढव."

दवंडीनंतर 'वाढव'चा अर्थ एकच उरला होता, म्हणून नवऱ्यानं वात काळी करून धूर काढला. राणीच्या पायाशी बांगड्यांचे तुकडे काढले. तिसऱ्या हुकमाला राजाचं अंग अर्धंच फिकं करून त्यानं कुंचला खाली ठेवला. तोवर राज्यातले दिवे गेले, चुली पेटेनात, राणीचे हात ओकेबोके झाले, आणि राजा अर्धाच वाढून पडला. अंग गार, डोळे उघडे.

प्रधान म्हणाला, चिताऱ्याला सुळी द्या. मी सांगितलं, तो हुकमाप्रमाणंच वागला, घात शब्दानं केला. कोणत्या शब्दानं, प्रधानानं विचारलं. ते समजवावं तर जीभ जाते. मी नुसते हातवारे केले. बाई भ्रमिष्ट आहे म्हणून मला हाकललं.

वाटेत झाडावरची साळुंकी बोलली, "राजाच्या कानात ते तिन्ही शब्द सांग. एकही गाळू नको. दडवलेले शब्द बोलले गेले की गेलेलं परत येईल."

"आणि माझी जीभ?"

"ती नवऱ्यापेक्षा मोठी आहे का?"

"मोठीच आहे," मी म्हणाले, आणि मागं फिरले. वाड्यात काळोख, अडवणार कोण?

"दिवा विझला," राजाच्या कानाशी म्हणाले. समया पेटल्या. "बांगड्या फुटल्या." राणीचे हात किणकिणले. तिसऱ्याला अडले, राजा तर अजून पुरता गेला नव्हता. शेजारचा म्हातारा मेला म्हणू, की कोण? शेवटी म्हणाले, "राजा, तू मरशील. मीही मरेन."

राजा उठून बसला. पुष्कळ रडला. मग माझ्या नवऱ्याला सोडवलं, दवंडी मागं घेतली. प्रधान चित्रातला धूर पुसायला निघाला, राजानं त्याचा हात धरला. "राहू दे. मला तो रोज बघायचा आहे."

प्रधान गोंधळला. सूळ तर उभा आहे महाराज, मग दोषी कोण, चितारी, मांत्रिक की ही बाई?

राजानं कुंचला मागितला, आणि चित्राखाली दोषी म्हणून आपलंच नाव लिहिलं: अमरसेन.