झाकल्या वाणाची कहाणी

ऐका सरस्वतीमाय, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत घट्ट धरा, मध्येच उठू नका, आणि कहाणी चालू असताना साड्यांचे भाव काढू नका. मी एकदाच सांगते.

आटपाट नगर होतं. तिथं एक शेठ होता, त्याची शेठाणी सगुणाबाई. घरात दूधदुभतं, अंगणात गाईम्हशी, कशाची म्हणून कमी नव्हती. शेठाणी देवळात बसली की पोथी पुढ्यात धरी, पानं उलटवी, ओठ हलवी. बाया म्हणत, "काय बाई विद्या!" पण सुखाला एक उणं होतं. एकुलती एक लेक मंजुळा, पाच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. वैद्य झाले, नवस झाले, अंगारेधुपारे झाले. मुकी ती मुकीच.

मग एके दिवशी शेठाणी नदीवर गेली. तिथं देवकन्या वसा वसत होत्या. "बाई बाई, कसला वसा वसता? तो मला सांगा." "तुला कशाला सांगू? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." मग देवकन्या म्हणाल्या, "डोंगरापल्याड बोरखडी गाव आहे. तिथल्या लेकरांनी पाटी पाहिली नाही. पाच लेकरं शिकती करावी. पाटी द्यावी, वस्त्र द्यावं, वर्षाचं धान्य द्यावं, शिकवायला गुरुजी ठेवावा. पण वाण पदराखाली झाकून द्यावं. दसऱ्याला उद्यापन करावं, एकाचे आकडे मांडून पाटीवर सरस्वती काढावी."

शेठाणीनं वसा घेतला. पदराखाली झाकून पाट्या नेल्या. पदराखाली झाकून वस्त्रं नेली. पदराखाली झाकून धान्य नेलं. बोरखडीच्या चावडीत शाळा भरली. इकडे मंजुळा एक दिवस "आई" म्हणाली. मग "पाणी" म्हणाली. मग काय, दिवसभर चिवचिव, ऐकणाऱ्याचे कान किटले.

झालं! लेक बोलायला लागली आणि शेठाणीच्या मनात किडा वळवळला. "एवढं केलं, कुणाला कळलं का?" मग ती उतली, मातली. पाट्यांच्या चौकटीवर आपलं नाव कोरून घेतलं. लेकरांना लालभडक कपडे शिवले, लांबून दिसावं, ही शेठाणीची पोरं. दसऱ्याला नगराच्या चौकात मांडव घातला, वाजंत्री लावली, पाचही लेकरं पाटावर उभी केली. समोर त्यांचे आईबाप बसवले.

त्यांत येसू नावाची आठ वर्षांची पोर होती. चांगली हुशार. तिची आई भिकाई पुढ्यातच बसली होती. शेठाणी म्हणाली, "सांग पोरी, आधी घरी काय खात होतीस?" येसूनं मान खाली घातली. शेठाणीनं तिच्या हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं. "लाजतेस काय? सांग!" येसू म्हणाली, "कण्या." "आणि कण्यांबरोबर?" "काय न्हाई." "आणि तुझी आई काय नेसायची?" येसूनं आईकडं पाहिलं. भिकाईनं लुगड्याच्या ठिगळावर हात ठेवला होता. लोक च्च् च्च् करत होते. येसूनं भरल्या डोळ्यांनी तोंड फिरवलं.

बायांनो, इथं मला घोटभर पाणी द्या. मागल्या साली आपल्या मंडळानं त्या पाड्यावर वह्या वाटल्या. एक पोर मान वर करीना. फोटो बिघडतोय म्हणून मीच तिची हनुवटी धरली, "बाळ, इकडं बघ." बघितलं तिनं. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, छान आलाय म्हणालात. मला तो बघवत नाही. मला माझी लाज वाटते. असो. ऐका.

दुसऱ्या दिवशी भिकाई शेठाणीच्या दारात आली. लाल कपडे घडी करून ठेवले, वर पाटी ठेवली. म्हणाली, "बाईसाहेब, वरीसभर दिलंत, उपकार हायेत. पन पोर म्हनती, पाटी नगं." भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्या माउलीची गत झाली होती. शेठाणीच्या डोक्यात राख गेली. "दिलेलं दारात आणून टाकता? माज आला तुम्हांला!" असं म्हणाली आणि आत वळली. तो मंजुळा उंबऱ्यात उभी. तोंड उघडते, मिटते, उघडते. आवाज नाही.

मग शेठाणी रडत नदीवर गेली. "बाई बाई, माझं काय चुकलं?" देवकन्या म्हणाल्या, "उतलीस, मातलीस. झाकायला सांगितलं ते उघडं केलंस. आणि नाचवलंस काय? त्या माउलीचं ठिगळ! तुझं उद्यापन झालंच नाही. आता तिच्या पोरीजवळ बस, आणि सरस्वती स्वतःच्या हातानं काढ."  शेठाणीला अक्षर येत नव्हतं हो! पोथी नुसती धरायची, पानं अदमासानं उलटायची. पाट्यांवर कोरलेलं आपलं नाव तिला वाचता येत नव्हतं. हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

मग ती पालखीत बसून बोरखडीला गेली. पालखी पाहून येसू रानात पळाली. मग नवी पाटी घेऊन गाडीतून गेली. भिकाई दारात आडवी उभी राहिली, "पोर घरात न्हाई," म्हणाली. शेठाणी दोन्ही वेळा परत आली. असं करता करता वर्ष सरलं, दसरा आला. मग मंजुळेचं बोट धरून, अनवाणी, डोंगर चढून पायी गेली.

चावडीत चार लेकरं पाटी घेऊन बसली होती. येसू बाहेर भिंतीला टेकून ऐकत होती, काटकीनं मातीत अक्षरं काढत होती. शाळा सोडली होती, पण शाळा तिला सुटली नव्हती. शेठाणी तिच्यासमोर मातीत बसली. "पोरी, मी चुकले. तुझ्या आईची मी चारचौघांत लाज काढली." येसू मातीतली अक्षरं गिरवतच राहिली. मग शेठाणी उठून चावडीत गेली. गुरुजी म्हणाले, "बाई, पहिली पाटी तुमची. काढा सरस्वती."

मुलांचे डोळे शेठाणीवर. मान खाली गेली. हात पदराखाली झाकला. म्हणाली, "गुरुजी, मला येत नाही. एकसुद्धा येत नाही. आजवर खोटी पोथी धरली मी." बाई बाई, धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला.

येसूनं बाहेरून तिच्याकडं पाहिलं. मग त्या झाकलेल्या हाताकडं पाहिलं. मग उठली, चावडीत गेली, आणि दटावून म्हणाली, "पाठ करा रे समदे! कुनी बघायचं न्हाई!" चारी लेकरांनी पाठ केली. गुरुजींनीही केली. येसूनं कोनाड्यातली एक पाटी आणली, शेठाणीच्या बोटांत पेन्सिल दिली, वरून आपला हात धरला. "असा उभा वढा, बाई. ह्यो एक." एक एक आकडा मांडत गेली. शेठाणीचे डोळे पाटीवर गळत होते, येसू ओढणीनं पुसत होती आणि पुन्हा काढून घेत होती.

दाराशी मंजुळाही उभी होती. सगळ्यांचं बघून तिनंही आईकडं पाठ केली होती. बराच वेळ झाला. मग तशीच, पाठमोरी, ती म्हणाली, "आई, झालं का गं? वळू?"

सरस्वतीमाय, जशी त्या पोरीनं शेठाणीची लाज झाकली, तशी आमच्या हातून दुसऱ्याची झाकली जावो. जशी मंजुळेला वाचा फुटली, तशी गप्प राहिलेल्या साऱ्या लेकरांना फुटो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरांत तुमच्या पदरात घातली. सुफळ होवो, संपूर्ण होवो. आता अक्षता वाहा, आणि जाताना तो भिंतीवरचा फोटो कुणीतरी उतरवा. माझा हात पोचत नाही.