वटवटीचं वाळुंज

पाटाच्या काठी वाळुंजाचं झाड होतं. झाडावर वटवटी राहायची. पाखरू एवढंसं, शेपूट लांब.

वटवटी गेली मावशीकडे. दोन दिवसांनी आली, तर झाड नाही. नुसता बुंधा. घरटंही गेलं. फार वाईट झालं.

काठावर एक फांदी पडली होती. फांदी म्हणाली, "माती ओली असती, तर मी रुजले असते गं."

टुणुक टुणुक. वटवटी गेली मातीकडे.
"मातीबाई, भिज ना.
माती भिजेना, फांदी रुजेना.
झाड गेलं, मी राहू कुठे?"
"पाणी आलं तर भिजेन."

टुणुक टुणुक. वटवटी गेली पाण्याकडे.
"पाणीदादा, ये ना.
पाणी येईना, माती भिजेना.
माती भिजेना, फांदी रुजेना.
झाड गेलं, मी राहू कुठे?"
"पाट गाळाने बुजलाय. सोनबाकाका उकरतील, तर येईन."

टुणुक टुणुक. वटवटी गेली सोनबाकाकांकडे.
"सोनबाकाका, पाट उकरा ना.
पाट उकरेना, पाणी येईना.
पाणी येईना, माती भिजेना.
माती भिजेना, फांदी रुजेना.
झाड गेलं, मी राहू कुठे?"
"कसा उकरू? फावड्याला कालच नवा दांडा बसवला. पहिल्याच घावाला कट्! दौलत सुतार दुसरा देईल, तर उकरेन."

टुणुक टुणुक. वटवटी गेली दौलतदादाकडे.
"दौलतदादा, दांडा दे ना.
दांडा मिळेना, पाट उकरेना.
पाट उकरेना, पाणी येईना.
पाणी येईना, माती भिजेना.
माती भिजेना, फांदी रुजेना.
झाड गेलं, मी राहू कुठे?"

दौलतदादाने रंधा खाली ठेवला. मान खाली घातली.
"सोनबाकाकांच्या दांड्यासाठी वाळुंज मीच तोडलं, बाळा. बाभळीचं लाकूड घरात होतं. पण ते कठीण. मी कंटाळा केला. वाळुंज मऊ, म्हणून दांडा मोडला. चुकलं माझं."
वटवटी रडली. दौलतदादाही रडला.

मग त्याने बाभळीचा दांडा केला. खर्र खर्र.
दांडा मिळाला, पाट उकरला. खसाखसा.
पाट उकरला, पाणी आलं. झुळुझुळु.
पाणी आलं, माती भिजली. पचपच.
दौलतदादाने फांदी रोवली.
माती भिजली, फांदी रुजली.

पण फांदी करंगळीएवढी. वटवटी बसली की वाकते.
"दादा, झाड कधी होणार?"
"खूप दिवस लागतील गं. तोवर माझ्या वळचणीला राहा."

वटवटी तिथे राहते. रोज सकाळी दोघं फांदीला बघायला जातात.
आज तिला तीन पानं आहेत.