शेजारघरच्या नावाला ओ

आंबीखेड्याच्या ख्रिस्ती मंडळीचं हे देऊळ काळ्या दगडाचं, लहानसं. इथं रविवारची उपासना वेळेवर सुरू होत नाही, म्हणून पाहुण्यांनी उगाच चुळबुळ करू नये. आधी घरांची हजेरी होते. एकेका घराचं नाव पुकारलं जातं, आणि त्या घरची माणसं पुढच्याच बाकावर बसलेली असली तरी तोंड मिटून राहतात. "सलाम!" अशी ओ देतं दुसऱ्याच घरचं कुणीतरी. गेल्या वर्षी एका नव्या जावयानं सासऱ्याच्या नावाला मोठ्या रुबाबात स्वतःच ओ दिली. बायकांना हसू आवरेना.

ही रीत सारुबाई पाटोळेंपासून पडली, असं सांगतात. त्या काळी पाळकसाहेब पटावरून नावं वाचत, आणि पटावर वरची आळी आधी, खालची नंतर. एकदा खालच्या आळीचे दानिएल शिरसाठ उभे राहिले. म्हणाले, "सायेब, कवातरी आमचं नाव बी आधी घ्या की. आमी काय मागनं आलेलो उपरे हाये?" लगेच वरच्या आळीचे गणपत पाटोळे बाह्या सरसावून उठले. देवाच्या घरात पहिलं नाव कुणाचं, यावरून सख्खे शेजारी हमरीतुमरीवर आले. पुढच्या रविवारी खालची आळी फिरकली नाही. वरची आळी महिनाभर जिंकल्याच्या ऐटीत बसली. मग समोर कुणीच नाही म्हटल्यावर त्या ऐटीतही मजा उरली नाही, आणि तीही यायची थांबली.

पाळकसाहेबांनी हात टेकले. देवळाची झाडलोट सारुबाई करायच्या, म्हणून किल्ली त्यांच्या हातात दिली आणि बजावलं, "पुढच्या ईस्टरपर्यंत मंडळी जमली नाही, तर कुलूप घालून ही मिशनच्या बंगल्यावर पोचती करा." एवढं बोलून ते दुसऱ्या गावाला गेले.

सारुबाई म्हणजे गणपतरावांची विधवा भावजय. पोटी मूल नाही, दिराच्या घरात त्यांची पोरं वाढवत दिवस काढलेले. उपदेश करणं त्यांना ठाऊक नव्हतं. अक्षर येत नव्हतं, म्हणजे पट असूनही नसल्यासारखाच. पण मंडळीतली सत्तावीस घरं दारांच्या क्रमानं तोंडपाठ होती. रविवारी सकाळी त्यांनी देवळापुढं घंटेऐवजी टांगलेला लोखंडी रूळ वाजवला, दार उघडलं, आणि रिकाम्या बाकांसमोर उभं राहून एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. नाव घ्यायचं, त्या घराच्या वतीनं आपणच "सलाम" म्हणायचं आणि त्या घरासाठी प्रार्थना करायची. एका रविवारी वरच्या टोकाच्या दारापासून, पुढच्या रविवारी खालच्या.

"सारुबाई भिंतींची हजेरी घेतात," असं पाणवठ्यावर हसणं सुरू झालं. गणपतराव मात्र हसले नाहीत.

"वहिनी, त्या शिरसाठाचं नाव पुन्यांदा घेतलं, तर ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई."

"भावजी, म्या फकस्त देवापुढं ठेवते त्याचं नाव," सारुबाई म्हणाल्या. "तुमचं बी ठेवते."

त्यांनी बोचकं उचललं आणि देवळाच्या पडवीत चूल मांडली. शेतात मोलानं जायचं, त्यावर पोट भरायचं. भाकरी कमी पडल्याचं त्यांना काही वाटलं नाही. दिराची धाकटी मुलगी रस्त्यात दिसली तरी तिला जवळ घेता येईना, याचं मात्र फार वाईट वाटायचं. कधी वाटे, आपण खुळ्या तर नाही ना? बाकांना का कान असतात? तरी रविवार उजाडला की त्या रूळ वाजवत. किल्ली परत द्यायची नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

पण भिंतीबाहेर कान होते. पहिलं नाव कुणाचं निघतं ते ऐकायला गणपतराव बैल पाण्यावर न्यायचं निमित्त काढून एका बाजूला थांबत, आणि दानिएल सरपण गोळा करायचं निमित्त काढून दुसऱ्या बाजूला. एका रविवारी दानिएलांची सून बाळंतपणात अडली होती. सुइणीनं आशा सोडली, तसे ते सैरभैर होऊन घराबाहेर पडले आणि पाय नेतील तसे या भिंतीपाशी आले. आत सारुबाई गुडघ्यांवर होत्या. शिरसाठांच्या नावापुढं त्या दिवशी दुसरं नावच निघालं नाही, दुपारपर्यंत. सून वाचली, असं सांगतात. दानिएल कुणाला काही बोलले नाहीत, पण पुढं ते भिंतीशी येताना सरपणाचं निमित्त काढीनात.

ईस्टरचा रविवार आला. सारुबाई आठ दिवस तापानं फणफणल्या होत्या. भिंत धरत त्यांनी दार उघडलं, रूळ वाजवला. पाळी वरच्या टोकाची होती.

"गणपत पाटोळे."

एवढ्यावर घसा बसला. ओठ हलले, ओ काही निघेना. वर्षात पहिल्यांदा एक घर ओ न मिळता राहत होतं, आणि म्हणे सारुबाई त्या क्षणी रडल्या.

"सलाम!"

दारात दानिएल शिरसाठ उभे होते. ज्याच्याशी उभा दावा मांडला, त्याच्याच नावाला त्यांनी ओ दिली होती. पलीकडच्या भिंतीशी गणपतरावांच्या हातातून बैलाचा कासरा सुटला. ते आत आले, पण मान वर करवेना.

"आता तुमी घ्या नाव," दानिएल म्हणाले. "बाईंचा आवाज गेलाय."

गणपतरावांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. मग शिरसाठांचं नाव घेतलं, आणि त्याला ओही आपणच दिली. देवळात या दोघांचे आवाज ऐकून माणसं डोकावत होती, ती एकेक करून आत बसली. ज्याचं नाव येई त्याला दुसऱ्या आळीतून ओ मिळे. सत्तावीस घरं झाली.

"आन् बाईंचं नाव?" दानिएलांनी विचारलं.

"मला कुटलं घर?" सारुबाई घोगऱ्या आवाजात कशाबशा म्हणाल्या. वर्षभर त्यांनी सगळ्यांची नावं देवापुढं ठेवली, आणि आपलं एकदाही घेतलं नव्हतं.

गणपतरावांना हुंदका आवरला नाही. त्यांनीच पुकारलं, "सारुबाई पाटोळे!"

किल्ली बंगल्यावर गेली नाही. सारुबाई गेल्यालाही आता कितीतरी पिढ्या लोटल्या, पण आजही सगळी घरं झाली की शेवटी त्यांचं नाव पुकारतात. त्या नावाला ओ कुणी द्यायची, ते कधी ठरलंच नाही, म्हणून सगळेच देतात.